टेबलाखालची सवत

मी निकिताची खुर्ची बोलतेय. काळी, पाच चाकांची, जाळीच्या पाठीची. माझ्या उजव्या हातावरचं कव्हर निघालंय, पण ते तिच्या कोपरानं निघालंय, म्हणून मला त्याचा अभिमान आहे.

नाशिक रोडच्या या फ्लॅटमध्ये मी लॉकडाऊनमध्ये आले. निकिता तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम पलंगावर मांडी घालून करायची. मी आल्यावर सकाळी नऊपासून ती माझी. जेवणसुद्धा माझ्यावरच. मीटिंगमध्ये साहेबावर चिडली की मला गर्रकन फिरवायची. चार वर्षं आम्ही असा संसार केला.

मग श्रावणात ती आली. ट्रेडमिल! चपटी, गुळगुळीत, टेबलाखाली सरकणारी. टेबल विटांवर चढवून उंच केलं आणि मला बाल्कनीच्या दाराशी, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाखाली ढकललं. तिथून मी रोज बघायचे. निकिता टाइप करतेय आणि चालतेय. पोचते कुठे? कुठेच नाही. तरी संध्याकाळी नवऱ्याला कौतुकानं सांगायची, "आज सात हजार पावलं झाली!" माझ्यावर काढलेले तास कधी कुणी मोजले होते का? मी जळत होते, लपवत नाही. वीज जावी म्हणून देवाला विनवायचे. एकदा गेलीसुद्धा, तर बाईनं उभ्याउभ्या काम उरकलं.

त्यातच तिचा दीर सोमनाथ फोनवर म्हणाला, "वहिनी, दसऱ्याला येतोय. ती खुर्ची पडूनच हाय ना? पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर ऑफिसात नेतो."

निकिता म्हणाली, "बघू भाऊजी." त्या एका 'बघू'च्या आशेवर मी दिवस काढले.

दसरा उजाडला. सासूबाईंनी, म्हणजे सिंधुबाईंनी, विळी, शिलाई मशीन, स्कूटर असं सगळं पुजलं. मग झेंडूची माळ घेऊन त्या खोलीत आल्या. मी ताठ झाले. माळ पडली सवतीला! वर पट्ट्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

पण लगेच त्या म्हणाल्या, "निकिता, आज हिला पाय नाय लावायचा हं. पूजा झालीये."

"आई, माझा कॉल आहे. दुबईच्या क्लायंटला कसली दसऱ्याची सुट्टी?"

"मग बसून कर."

माझ्यावरचे कपडे उचलले गेले. इतक्या दिवसांनी तिचं वजन अंगावर आलं आणि मी धन्य झाले. टेबल उंच, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन तास ती बसली होती. कधी या कुशीवर, कधी त्या. तिची कंबर दुखतेय हे मला कळत होतं. डॉक्टरांनी बसणं कमी करा म्हटलं, म्हणूनच तर सवत आली होती. सगळं कळूनही मला वाटत होतं, हा कॉल संपू नये.

तो संपला. ती उठायला गेली आणि "आई गं!" म्हणून माझाच हात धरून वाकलेलीच राहिली.

सिंधुबाई धावत आल्या. तिला भिंतीच्या आधारानं उभं केलं. मग ओलं फडकं आणलं, ट्रेडमिलला हात जोडले, माळ उतरवली आणि आपणच काढलेलं स्वस्तिक पुसून टाकलं. "चाल पोरी, हळूहळू चाल. देवी काय रागवत नाय."

संध्याकाळी सोमनाथनं मला टेम्पोत चढवलं, तेव्हा निकितानं अडवलं नाही.

आता मी खळ्यावर असते. सोमनाथ दिवसभर फोनवर, माझ्यावरच. मी त्याला फार आवडते. परवा उठताना तोही कमरेवर हात ठेवून थांबला. कुणी माझ्यावरून उठलं की अजून जीव जळतो हो. तरी सांगते, ऊठ रे भाऊ. बाहेर गोण्या भरतायत, तिथपर्यंत तरी जाऊन ये.