नळाची हाक

चाल आधी आली आणि शब्द मागून आले, सगळा घोळ तिथेच झाला.

आठवडाभर ताई पियानोवर ती चाल वाजवत होती आणि नायिका नुसतं "ला ला" करत होती. संगीत नाटकातला वेडाचा प्रवेश, एवढंच सगळ्यांना ठाऊक. चाल उड्या मारणारी, गमतीची. मग ताईलाच सुचलं, "काका, ओळ संपली की झांज हाणा. हशा पिकेल बघा." ड्रमवाले काका खूश झाले.

गाण्याचे शब्द लिहिणारा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. एरवी काहीही लिहिलं की आधी ताईला वाचून दाखवायचा. आज मात्र कागद परस्पर नायिकेच्या हातात दिला आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसला. ताईला तेव्हाच खटकलं.

नायिकेनं गळा साफ केला.

"नळ बंद करा गं बाई, नाव माझं घेतोय!"

झण्ण! सगळे खो खो हसले.

ताईची बोटं सवयीनं चालत राहिली. वाक्य तिचं होतं. कैक वर्षांपूर्वी तिचं डोकं बिघडलं होतं, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती हेच ओरडायची. बरी होऊन इस्पितळातून घरी आली, आणि मग त्या विषयावर सगळ्यांनीच पडदा टाकला. नाटकात तर कुणाला गंधही नव्हता. असता तर हा पियानो तिच्या हाती आला असता का?

"चावी त्याची काढून मी, उशाखाली ठेवली!"

झण्ण! दिग्दर्शक हसून हसून डोळे पुसत होता.

ताई थांबली. "झांज काढू या."

"अहो, झांज तुमचीच की! आता तिच्यावर का रुसलात?" दिग्दर्शक म्हणाला.

"नको वाटतेय."

"परवा पहिला प्रयोग आहे, ताई. नको वाटतेय म्हणून कशी काढू? कारण सांगा."

कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. ताईनं मागे पाहिलं. धाकटा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. ती उठून त्याच्यापाशी गेली.

"मी तुझं नाव कुठे घेतलंय?" तो पुटपुटला.

"नाव तेवढं सोडलंस. बाकी सगळं घेतलंस."

"इतकं खरं दुसरं काही सुचेना गं."

"खरं? नळ कुणाच्या आवाजात हाक मारायचा, ठाऊक आहे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आईच्या. तेव्हा नुकतीच गेली होती ना ती."

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मग... बंद करा का म्हणायचीस?"

"ओ दिली तर तिच्यामागून जावं लागेल, असं वाटायचं."

"भावंडांचं गुपित संपलं असेल तर सुरू करू या का?" दिग्दर्शक ओरडला.

ताई जागेवर येऊन बसली. पट्ट्यांवर बोटं टेकवली. मग ती पुन्हा उचलून मांडीवर ठेवली.

"हे शब्द माझे आहेत," ती म्हणाली. "मला वेड लागलं होतं तेव्हाचे."

कुणाचंच हसू जागेवर राहिलं नाही. कुठे बघावं ते कुणाला कळेना. दिग्दर्शकाची नजर तिच्या तोंडावरून खाली, तिच्या हातांवर आली.

"म्हणजे... परवा तुम्ही वाजवाल ना?"

"मग आठवडाभर काय करतेय?"

काकांनी दिग्दर्शकाच्या होकाराची वाट पाहिली नाही. त्यांनी झांज स्टँडवरून काढली आणि जमिनीवर पालथी ठेवली. तरी ती किणकिणलीच. त्यांनी तळहातानं दाबली.

"घ्या ताई, पहिल्यापासून."

"नळ बंद करा गं बाई, नाव माझं घेतोय..."

झांजेच्या जागी नुसतं मोकळं अंतर पडलं. कुणीतरी सवयीनं हसलं, आणि मधेच थांबलं.

"ताई," मागून धाकट्यानं हळूच हाक मारली.

तिनं ओ दिली नाही. हात पियानोत गुंतले होते, आणि पुढची ओळ यायची होती.