कुटुंब क्रमांक ४१२

भटूनानांनी मला शाल आणि नारळ दिला तेव्हाच कळायला हवं होतं. फुकट राबवून घेतलेल्या बाईला आमच्याकडे शाल देतात.

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं सॉफ्टवेअर मी केलं. आधी मंडळाचं पुस्तक निघायचं. त्यातले फोटो इतके काळे, की मुलगा कोण आणि मुलगी कोण हे नाव वाचून ठरवायचं. नाना मंडळाचे सचिव. म्हणाले, "नूतन, तू कॉम्प्युटरमधली. समाजासाठी एवढं कर." केलं. जळगावात मंडळाच्या ऑफिसात सर्व्हर ठेवला आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या घरून मी त्याला लॅपटॉपने जोडायचे. नाव, पासवर्ड टाकला की डेटाबेस उघडायचा. मग एसक्यूएलमध्ये, म्हणजे त्याच्या भाषेत, दोन ओळी लिहून विचारायचं, धरणगाव तालुक्यातल्या, पंचविशीच्या पुढच्या, बी.एस्सी. झालेल्या मुली दाखव. दाखवायचा. माणसांपेक्षा बरा, उलट प्रश्न करायचा नाही.

आत टेबलं, म्हणजे तक्ते, दोन. एक कुटुंबांचं, एक सदस्यांचं. प्रत्येक घराला नंबर, आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याच्या घराचा नंबर. आमचा ४१२. घरनंबर रिकामा ठेवून कोणाचीच नोंद होणार नाही, असा नियम मीच घातला होता. फार कौतुक होतं मला त्याचं. "नाना, बिनघरचा माणूस असतो का कुठे?" असं मी हसत हसत म्हटलं होतं. बोलायला काय जातं!

माझ्या नावापुढे 'घटस्फोटित' होतं. चोपड्याला दिली होती मला. नवरा हात उचलायचा. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मी बॅग उचलली, कोर्टातून मोकळी झाले आणि ४१२ मध्ये परत आले. ती नोंदही मीच केली. खोटं कशाला लिहायचं? मी काही चोरी केली नव्हती.

मग धुळ्याचा मेळावा ठरला आणि नानांनी मला बोलावलं. आवाज एकदम गुळचट. "मुलाकडचे विचारतात गं. ज्या घरात सोडचिठ्ठी झालीय ती घरं पहिल्या यादीत नकोत म्हणतात. त्यांची वेगळी यादी करू मागाहून. लोकांची मागणीच तशी, मी काय करणार?"

थू त्या मागणीवर, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला वाटलं, माझंच नाव गाळायचंय ना, गाळा. मला कुठे पुन्हा बोहल्यावर चढायचंय? उलट, अट कशी लिहायची त्यातच माझं डोकं रमलं. दोन्ही टेबलं घरनंबरावर जोडायची, आणि ज्या घरात एक जरी घटस्फोटित सदस्य सापडेल ते घर अख्खं वगळायचं. पाच ओळींत बसवलं. पहिल्या फटक्यात चाललं तेव्हा मी स्वतःलाच "वा गं बाई" म्हटलं. त्रेसष्ट घरं गळली. कोणाची ते पाहिलंसुद्धा नाही.

यादी छापून आली. आबा, म्हणजे माझे वडील, चष्मा लावून बसले आणि एकेका नावावरून बोट फिरवत गेले. माझी धाकटी बहीण सुलक्षणा अठ्ठावीसची झालेली. दोन स्थळं माझ्या नावावरून परत गेली होती, म्हणून आबांनी सगळी आशा या मेळाव्यावर ठेवली होती.

"सुलक्षणा कुठाय यात?"

"असेल आबा. नीट बघा."

"दोनदा बघितलं."

मी लॅपटॉप उघडला, सर्व्हरला जोडला आणि विचारलं. शून्य नावं. अट काढून विचारलं, तर सुलक्षणा, घर ४१२. अट घातली, शून्य. त्या पाच ओळींच्या नादात मी विसरले होते की या घरात माझ्याशिवाय आणखी एक मुलगी आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. बोंब कोणाच्या नावानं मारायची?

मी स्कूटी काढली आणि नानांकडे गेले. "अट काढून टाकते," म्हटलं.

"आणि ती त्रेसष्ट घरं आत आली की मुलाकडच्यांना काय सांगू? नियम म्हणजे सगळ्यांना एक."

"मग सुलक्षणेचं काय?"

नानांनी पान जुळवलं, चुना लावला. "तुझं नाव त्या घरात आहे तोवर कसं होणार, बाई?"

बास. एवढंच बोलले. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आबा नानांना चार शिव्या हासडतील. आबा म्हणाले, "मग काढ तुझं नाव. मशीन तुझ्याच हातात आहे ना?"

"आबा, मी या घरातली नाही का?"

"कागदावरचं बोलतोय मी. कागदानं काय होतंय?"

कागदानं काही होत नसेल तर सुलक्षणेचं लग्न का अडलंय, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण ती कोपऱ्यात बसून रडत होती. "ताई, माझ्यासाठी असं नको करू," म्हणाली. एकदाच म्हणाली. आई तर पोळ्या लाटायची थांबलीसुद्धा नाही.

आधी मी डिलीट केलं नाही. म्हटलं, नाव राहू दे, नुसता माझ्या पुढचा ४१२ पुसून टाकू. 'अपडेट'ची ओळ लिहिली. सर्व्हरनं नाकारली. घरनंबर रिकामा चालणार नाही. माझाच नियम, माझ्याच तोंडावर. दुसरा नंबर द्यायचा तर मला लागू पडणारा एकच होता, चोपड्याचा. आग लागो त्या नंबराला. मग राहिलं काय? सदस्यांच्या टेबलातून डिलीट, जिथे नाव नूतन आणि घर ४१२. एंटर दाबलं. खाली आलं, एक नोंद काढली. एवढा अभ्यास, ते लग्न, ते कोर्ट, आणि मी एक नोंद.

यादी पुन्हा काढली तर बासष्ट घरं गळली. उरलेल्या बासष्ट घरांतल्या मुलींसाठी मी बोटसुद्धा हलवलं नाही, हेही सांगून टाकते. त्यांच्या घरात कोणाला पासवर्ड माहीत नव्हता, एवढाच त्यांचा गुन्हा.

"चला, सुंठीवाचून खोकला गेला," आबा म्हणाले. खोकला समोरच बसला होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मेळाव्यानंतर धुळ्याचं स्थळ चालून आलं. मुलगा जितेंद्र, बँकेत. त्याचे वडील निंबाभाऊ तीस वर्षं सुरतेच्या मिलमध्ये होते आणि नुकतेच धुळ्याला परतले होते. इकडचं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं, आणि आबांना तेच सोयीचं होतं. रविवारी बघायला आले. आईनं मला सकाळीच बजावलं होतं, "तू आतच थांब." थांबलेही असते. पण चहा गाळताना आईचा हात भाजला आणि ट्रे माझ्याकडे आला.

निंबाभाऊंनी कप घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग सुलक्षणेकडे. माणूस मोकळा होता, मनात काही नव्हतं त्याच्या. सुलक्षणेलाच अहिराणीत विचारलं, "हाई कोन शे वं? तुन्हामायकच दिखस. बहीन शे का?"

आबा कपात बघत बसले. मी बोलू शकले असते, पण बोलले नाही. मला ऐकायचं होतं. मूर्ख मी, दुसरं काय!

सुलक्षणेनं साडीचा पदर सारखा केला. "नाही. मंडळाचं कॉम्प्युटरचं काम बघतात त्या," ती म्हणाली. तिच्या वेण्या घातल्या मी, दहावीला गणित शिकवलं, चोपड्याहून आले त्या रात्री ती माझ्या कुशीत झोपली होती. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

"आस्सं!" निंबाभाऊंना खरंच आनंद झाला. "तुन्हं लगन व्हयनं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग यादीमा तुन्हं नाव टाक ना, बाई. तुन्हा हातमाच शे बठ्ठं."

"टाकते काका," म्हटलं आणि रिकामे कप गोळा केले.