चेअरमनच्या पोटावरचा करदोडा

मित्रांनो, मी एक जुना करदोडा आहे, काळ्या गोफाचा. लिंबागणेशच्या जत्रेत साखराबाईंनी मला घेतलं आणि नवऱ्याच्या, सुंदररावांच्या कमरेला बांधलं. तेव्हा ते जनावरं वळायचे, दिवसभर माळ तुडवायचे. पोट असं सपाट, की माझे दोन वेढे बसून वर टोक लोंबायचं!

पुढं गावात दूध संस्था निघाली आणि सुंदरराव चेअरमन झाले. माळ सुटला, खुर्ची आली. मीटिंग म्हटली की भजी आणि खारी शेव. हातपाय काटकुळेच राहिले, पोट मात्र सुटलं. माझ्या दोन वेढ्यांचा एक झाला, तोही रुतायला लागला.

अशात दुष्काळ पडला. चारा नाही, पाणी टँकरचं, म्हशी आटल्या. लोक धास्तावून संस्थेत येत. संस्थेत दूध घालणारा राधाकिशन थट्टेनं म्हणायचा, "चेअरमनचं पोट हाय तवर संस्थेला काय हुत न्हाई बे!" सगळे हसत. सुंदररावांनी ते खरंच धरलं की हो! आपण वाळलो तर लोक म्हणतील, संस्था बुडाली, आणि दूध दुसरीकडं घालतील. म्हणून भूक नसतानाही ते चारचौघांत दाबून जेवत.

शाळेत तपासणीचं शिबिर भरलं. डॉक्टरीणबाईंनी टेप माझ्यावरूनच फिरवली, दंडाला पट्टा बांधला आणि त्यांचा चेहराच उतरला. "रक्तदाब फार वाढलाय, सुंदरराव. हे पोट कमी करा. गोळी घ्या, चाला, मीठ-तळण सोडा."

"मी कुठं जाडा हाय, बाई? हातपाय बघा की, काड्या हायत!"

"भीती त्याचीच आहे. चरबी सगळी पोटात, आतड्यांभोवती साठलीय. तिच्यानं रक्तवाहिन्या ताठ होतात, मूत्रपिंडावर ताण येतो आणि दाब चढतो. एखाद्या दिवशी मेंदूतली नस फुटेल."

"पाऊस पडू द्या, मग वाळतो," म्हणत ते उठले. सोबत आलेल्या साखराबाई रडकुंडीला आल्या. "अवो, असं कावून करता? संस्थेला दुसरा चेअरमन मिळंल, मला तुमी कुटून मिळताल?" गोळ्या तशाच राहिल्या.

मी भ्यालो, मित्रांनो. ते वाकले की धाप लागायची, डोकं धरून बसायचे, आणि मला तर तोंड नाही. कुणाला सांगू?

एका सकाळी दूध मोजताना त्यांची जीभ वळेना. तोंड वाकडं झालं आणि ते कॅनवरच कोसळले. जीपमध्ये घालून बीडला नेलं. तिथं सिस्टरनं कात्री घेतली, कारण मी मांसात पार रुतलो होतो. साखराबाईंनी तिचा हातच धरला. "तोडू नका, बाई! मानूस गेल्यावरच करदोडा तोडतेत!"

"मावशी, जिवंत आहेत ते. सोडा हात."

कात्री लागली तेव्हा मला भीती होती ती माझी नव्हे, त्यांची.

सुंदरराव वाचले. उजवा हात अजून नीट उचलत नाही, पण साखराबाईंच्या खांद्याला धरून रोज माळापर्यंत चालतात, गोळी चुकवत नाहीत. खुर्चीवर आता राधाकिशन बसतो. संस्था काही बुडाली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं पोट सुटलं असेल तर ती शान समजून हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला हाताला धरून दाब मोजायला न्या. माझा माणूस जिवंत असताना मी तुटलो, हे माझं नशीब. सगळ्याच करदोड्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं.