कामाआधीचा फोटो

वसुमतीनं चमच्यानं पांढरं सिमेंट उचललं आणि भिंतीतल्या तड्यात दाबून भरलं. तडा छतापाशी सुरू होऊन देवघराच्या कोनाड्याजवळून तिरपा उतरला होता आणि जमिनीपासून हातभर उंचीवर थांबला होता. वरच्या भागासाठी तिला स्टुलावर चढावं लागलं. साठी उलटलेल्या बाईनं घरात एकटं असताना स्टुलावर चढू नये, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण गवंड्याला बोलावलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत बातमी झाली असती. सिमेंट वाळल्यावर तिनं माळ्यावरचा उरलासुरला डिस्टेंपर काढून दोन हात मारले, टेबलफॅन भिंतीसमोर लावला आणि मागं सरकून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

उद्या सकाळी फोटो काढायला माणूस येणार होता.

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत दोन-दोन घरं एका भिंतीला पाठ लावून उभी आहेत. वसुमतीच्या भिंतीपलीकडचं घर वर्षभर रिकामं होतं. ते सिद्धी आणि शंतनु या नागपूरच्या जोडप्यानं विकत घेतलं. दोघंही कंप्युटरवाले, आजवर सर्जापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलेले. आत भिंती पाडून खाली एक झोपायची खोली आणि बाथरूम करायचं, असा त्यांचा बेत होता. मराठी शेजार मिळाला म्हणून वसुमतीला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता, पण पहिल्याच भेटीत सिद्धी पुडाच्या वडीचा डबा घेऊन आली आणि डब्याच्या मागोमाग फोटोंचा विषय काढला.

"काकू, काम सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडच्या भिंतीचे फोटो लागतील. इन्शुरन्ससाठी."

"अक्का म्हण. इथं सगळे अक्काच म्हणतात," वसुमती म्हणाली. "घर तुमचं, इन्शुरन्स तुमचा. भिंत माझी कशाला पाहिजे?"

"घराची साधी पॉलिसी असते ना, तिच्यात तोडफोडीचं काम धरतच नाहीत. कॉन्ट्रॅक्टर म्हणे, काही गरज नाही. पण मी सगळं वाचलं. म्हणून कामापुरती वेगळी घेतली. तुमच्या घराला काही झालं तर भरपाई मिळेल अशी. थर्ड पार्टी म्हणतात त्याला."

वसुमतीनं सरकारी ऑडिटमध्ये आयुष्यभर नोकरी केली होती. कागद जितका गुळगुळीत, तितकी ती सावध होत असे. या व्यवहारात पहिला पक्ष हे दोघं, दुसरा कंपनी आणि तिसरा आपण. तिसऱ्याच्या हाती कधी काही पडलेलं तिनं तरी पाहिलं नव्हतं. तिनं पॉलिसीची प्रत मागितली. सिद्धीनं ती लगेच दिली, त्यामुळं तिचा संशय आणखी वाढला.

खरी धास्ती मात्र कंपनीची नव्हती, ती मुलाची होती. रविकिरण शहराबाहेर देवनहळ्ळीला नव्या वसाहतीत राहत होता आणि आईनं हे घर विकून आपल्याकडं यावं म्हणून दर रविवारी तिच्या मागं लागत होता. मागच्याच महिन्यात तो म्हणाला होता, "आई, एक जरी तडा दिसला ना, मी तुला इथं ठेवणार नाही. उचलून नेईन." देवघराजवळचा तडा त्याच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं तिथं उंच कपाट सरकवून ठेवलं होतं. आता फोटोवाल्याला कपाट हलवून हवं होतं. तडा फोटोत आला की कागदावर येणार, आणि कागदावर आलं की रवीला कळणार. त्यातच गेल्या रविवारी रवी आणि शंतनु फाटकाशी उभे राहून बोलताना तिला दिसले होते. ती बाहेर आली तसे दोघंही गप्प झाले.

"काय चाललं होतं?" तिनं रवीला विचारलं.

"काही नाही गं, पार्किंगचं."

पार्किंगबद्दल बोलताना माणसं भिंतीकडं बघतात का? रात्रभर विचार करून वसुमतीनं मनातल्या मनात दोन्ही घरं पाडून वर चार मजले चढवून टाकले आणि स्वतःला देवनहळ्ळीच्या एका खोलीत बसवून पाहिलं. त्या खोलीच्या खिडकीतून एकही ओळखीचं माणूस जाताना दिसेना. तेव्हा तिनं सिमेंट आणायचं ठरवलं.

फोटोवाला म्हणजे कंपनीचा सर्व्हेयर गिरीराज. चाळिशीचा, अघळपघळ माणूस. त्यानं सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. देवघराजवळच्या भिंतीशी तो जरा रेंगाळला आणि त्यानं नाकानं हुंगल्यासारखं केलं.

"होस बण्णा, अम्मा?" रंग नवा दिसतो, असं तो कन्नडमध्ये विचारत होता.

"हब्ब बरत्ते अल्वा," ती म्हणाली. सण येतोय ना. जवळपास कुठलाही सण नव्हता. तो हसला आणि पुढच्या खोलीत गेला. नोकरीत अशी उत्तरं देणाऱ्यांना वसुमतीनं कधी सोडलं नव्हतं. तिनं त्याला कॉफी करून दिली.

काम सुरू झालं. पलीकडं हातोडे पडू लागले तशी फडताळातली भांडी थरथरायची. तिसऱ्याच दिवशी डिस्टेंपरवर केसाएवढी रेघ उमटली. आठवडा संपायच्या आत सिमेंटचा पोपडा सुटून खाली पडला आणि तडा आपल्या जुन्या वाटेनं पुन्हा दिसू लागला. वसुमती केरसुणी घेऊन वाकली असतानाच सिद्धी दारातून आत आली. आवाजाचा फार त्रास होतोय का, हे विचारायला ती रोज एकदा यायची. तिनं भिंतीकडं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"अक्का, हे आमच्यामुळं?"

वसुमती पोपड्याचे तुकडे गोळा करत राहिली. बोलायची गरजच पडली नाही. सिद्धीनं तिथूनच फोन करून काम बंद करवलं, मग कंपनीला कळवलं. तिनं पुन्हा पुन्हा माफी मागितली. वसुमतीला क्षणभर वाटलं, चांगलं झालं. तडा यांच्या खात्यावर गेला, भिंत कंपनी दुरुस्त करून देईल, रवीला सांगायला कारणही मिळालं. घर जुनं म्हणून नाही रे, शेजारच्यांनी ठोकलं म्हणून. सगळा हिशेब कसा बिनचूक जुळत होता. असा बिनचूक हिशेब दिसला की ती पूर्वी चष्मा पुसून पहिल्यापासून तपासायला बसत असे.

मग पलीकडं शुकशुकाट झाला. हातोडे थांबले तसं परसातलं बोलणं ऐकू येऊ लागलं. कपडे वाळत घालताना सिद्धीचा आवाज भिंतीवरून यायचा. ती आईशी बोलत असायची. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती नागपूरला भावाकडं दुसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. लिफ्ट नव्हती.

"अगं, तुझ्यासाठीच खाली करतोय ना खोली. स्वल्प थांब." स्वल्प म्हणजे थोडं; इथं येऊन ती एवढा एक कन्नड शब्द शिकली होती. "नाही गं, वहिनीला काही म्हणू नको. रडू नको ना आई."

वसुमतीनं ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत गेली. यात काही डाव असेल का, हे तिनं सवयीनं तपासून पाहिलं. परसात उभं राहून आईला समजावण्याचं नाटक ही मुलगी कुणासाठी आणि कशासाठी करेल? तिला स्वतःचीच चीड आली.

गिरीराज पुन्हा आला तेव्हा सिद्धी सोबत होती. शंतनु ऑफिसला गेला होता. गिरीराजनं पहिला फोटो मोबाइलवर उघडला, भिंतीशेजारी धरला आणि मान हलवली. तो सिद्धीशी हिंदीत बोलत होता.

"फोटो में कुछ नहीं है मॅडम. नया है तो इंजिनिअर आके देखेगा, तब तक काम बंद रखना पडेगा. एक महिना तो लगेगा. पुराना होता तो बात अलग थी, कल से चालू कर सकते थे."

"एक महिना," सिद्धी म्हणाली. तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "ठीक आहे. अक्काची भिंत आधी."

वसुमती तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मराठी हा घरचा आडोसा. या खोलीत तिच्या आणि सिद्धीशिवाय मराठी कुणाला कळत नव्हती.

"सिद्धी, ऐक. हा तडा जुना आहे. यजमान होते तेव्हापासनं. फोटोच्या आदल्या दिवशी मीच बुजवला."

आता ही चिडेल, ओरडेल, असं वसुमतीला वाटलं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. पण सिद्धीनं भिंतीकडं पाहिलं, देवघराकडं पाहिलं, एकट्या बाईच्या त्या टापटीप खोलीकडं पाहिलं.

"क्या बोल रही हैं?" गिरीराजनं विचारलं.

"आंटी बोल रही हैं," सिद्धी सावकाश म्हणाली, "काम शुरू होने के पहले दीवार एकदम ठीक थी."

इतक्या दिवसांत या मुलीचं एक तरी खोटं पकडायचं म्हणून वसुमती टपून बसली होती. ते आता समोर, धडधडीत सापडलं होतं. आणि त्यात त्या मुलीचा काडीचा फायदा नव्हता. एक महिना जाणार होता तो तिच्या आईचा. वसुमतीच्या मनात लाज तर होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं.

गिरीराज तिच्याकडं वळला. "हौदा, अम्मा?"

खरं ना, एवढंच त्यानं विचारलं होतं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. सिद्धी मान खाली घालून उभी होती.

"अल्ला," वसुमती म्हणाली. नाही. "हळे बिरुकु. नाने मुच्चिद्दे." जुनाच तडा आहे, मीच झाकला होता. कन्नडमध्ये ते फार उघडं वाटलं. जन्मभर ज्या भाषेत ऑफिसात दुसऱ्यांना जाब विचारला, त्याच भाषेत ती स्वतःचा जबाब देत होती.

गिरीराजनं मोबाइल बंद केला. "सरी, अम्मा. बरकोळ्तीनि," तो म्हणाला, तसं लिहून घेतो. चेहऱ्यावर कसलंच आश्चर्य न दाखवता तो निघून गेला.

तो गेल्यावर सिद्धीला शब्द फुटला.

"का सांगितलं, अक्का? त्यांनी भिंत नीट करून दिली असती ना."

"उद्या सकाळी माणसं लाव कामाला. आईला तिकीट काढ म्हणावं."

"आणि रवीदादाला कळलं तर? ते तर तुम्हाला इथं ठेवणार नाहीत."

म्हणजे हिला तेही ठाऊक होतं. फाटकाशी रवी शंतनुला हेच सांगत होता का, असा प्रश्न वसुमतीच्या ओठांवर आला. तिनं तो गिळला, खुर्चीत बसली आणि चष्मा लावून फोनवर मुलाचा नंबर शोधला. सिद्धी जायला वळली तशी तिनं हातानंच तिला थांबवलं.

"रवी? कामात आहेस का? ऐक. देवघराजवळ भिंतीला तडा आहे." पलीकडून रवी जोरजोरात बोलू लागला. ती ऐकत राहिली. मग मध्येच म्हणाली, "नाही, नाही. त्यांच्यामुळं नाही. तुझे अप्पा होते तेव्हापासनं आहे. मी लपवला होता."

आत्ताच निघून येऊ का, असं रवीनं विचारलं. वसुमतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो," ती म्हणाली. "ये. बघून जा."