भरतकामाखालचा इन्व्हर्टर

मी इन्व्हर्टर बोलतोय. लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे स्क्रूंनी घट्ट बसवलेला चपटा डबा म्हणजे मी. ट्रकच्या बॅटरीतल्या विजेची घरातल्यासारखी वीज करून देणं हे माझं काम. माझ्या जिवावर इथे मोबाइल चार्ज होतो, पंखा फिरतो, किटलीत चहा उकळतो. कौतुक मात्र चहाचं होतं.

कारखान्यात माझ्या पाठीवर एक सूचना चिकटवली होती : ‘जाळी झाकू नये.’ पहिल्याच उन्हाळ्यात ती गळून पडली आणि केरात गेली.

माझा मालक ड्रायव्हर. माणूस भला, पण शब्द जपून वापरणारा. त्याला दमा आहे. औषधाची वाफ देणारं छोटं मशीन त्यानं पान्यांच्या पेटीत तळाशी दडवलं होतं. छाती भरून आली की गाडी बाजूला घ्यायचा, काचा वर करायचा आणि मशीनची पिन माझ्यात खोचायचा. हे ठाऊक असलेला मी एकटाच.

मग त्याचं लग्न झालं आणि बायको पहिल्यांदाच त्याच्याबरोबर गाडीत आली. दोन दिवसांत केबिनचं घर झालं. खिडक्यांना पडदे लागले, डबे ओळीत बसले आणि माझ्यावर भरतकाम केलेलं जाड झाकण आलं.

“अगं, तो काय टीव्ही आहे?” तो हसला.

“उघडाबोडका बरा नाही दिसत.”

मला झाकू नये हे त्याला कळत होतं, पण नव्या नवरीचं मन कोण मोडणार? मी गुदमरून टिट्‌ टिट्‌ केलं तर म्हणाला, “त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्याला कुरकुरायची सवयच आहे.” तिनंही ते खरं मानलं.

पुढे घाटात एक ट्रेलर आडवा झाला आणि गाड्यांची रांग लागली. टळटळीत दुपार, धूळ, धूर. तिनं चहा केला, मागच्या ट्रकमधल्या मिशीवाल्या ड्रायव्हरलाही दिला, मग आणखी दोघांना. किटली उतरतच नव्हती. झाकणाखाली मी तव्यासारखा तापलो होतो.

तेवढ्यात त्याचा श्वास अडला. खिशातला दम्याचा फवारा त्यानं तोंडात दाबला, तर तो रिकामा.

“अहो, काय होतंय?”

बोलता येईना. त्यानं पेटीकडे बोट केलं. तिनं पाने भराभर बाहेर फेकले आणि हाताला मशीन लागलं. एकदा मशीनकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिन खोचली. मशीन घरघरलं आणि मी बंद पडलो.

माझ्या आत एक पुर्जा आहे. मी फार तापलो की तो मला झोपवतो, आग लागू नये म्हणून. त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला. समोर मालकाचे ओठ निळे पडत होते आणि मला नुसतं टिटटिटता येत होतं.

मिशीवाला धावत आला. “बॅटरी बसली असेल, वहिनी. थांबा.” त्यानं इंजिन चालू केलं. मी तसाच.

“आता?”

“आता मेकॅनिकच लागेल.”

“इथं कुठून आणू मेकॅनिक?”

टिट्‌. टिट्‌. ती वळली. पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं. तिनं झाकणावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

“हा तर भाजतोय.”

झाकण ओढून तिनं खिडकीबाहेर भिरकावलं. जाळीतला धाग्यांचा पुंजका नखांनी उपसला. एका हातातल्या ताटलीनं मला वारा घालू लागली, दुसऱ्यानं त्याची पाठ चोळू लागली. “पुढे वाका. हळू. मी आहे.”

माझा पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. मशीन घरघरलं आणि त्याच्या तोंडावरच्या मास्कमध्ये पांढरी वाफ दाटली.

बऱ्याच वेळानं त्याला शब्द फुटला. “सांगणारच होतो.”

“कधी? नातवंडं झाल्यावर?”

“कळलं असतं तर तू गाडीत आली नसतीस.”

“आता मी माहेरी जाऊ, की हे मशीन वर ठेवू, तेवढं बोला.”

“वर ठेव.”

आता मी जुना झालोय; पिन खोचायचं माझं एक भोक जळालंय. मशीन माझ्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं असतं. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्यावर काही पांघरू नका आणि तो कुरकुरला तर सवय म्हणून सोडून देऊ नका. इथे मी टिट्‌ केलं की ती आधी माझ्यावर हात ठेवते. मग, काही कारण नसताना, त्याच्या पाठीवर.