बांधणीत गेलेला चेहरा

भूपालअण्णांनी आयुष्यभर कोल्हापुरातल्या एकाच वाचनालयाची फरशी झिजवली. एका संदर्भासाठी महिना महिना जुन्या अंकांची बाडं उपसायची, शिंकून बेजार व्हायचं आणि भलतंच काही सापडलं की खूश व्हायचं, ही त्यांची तऱ्हा. लेक अपूर्वाही पीएच.डी. करते, पण बसल्या जागी, लॅपटॉपवर. दोन शब्द टाकले की काम फत्ते.

त्या बाडांतल्या एका साप्ताहिकात अण्णांच्या थोरल्या बहिणीचा फोटो होता. अक्काताई, मॅट्रिकला तालुक्यात पहिली, दोन वेण्या. त्याच वर्षी ती तापानं गेली. घरातली तिची तसबीर पुरात विरघळली, तेव्हाही अण्णा खचले नाहीत. वाचनालयातली अक्का वरच्या मजल्यावर कोरडी होती ना! दरवर्षी तिच्या तिथीला ते जायचे, बाड उघडायचे आणि मधल्या शिवणीवर तळहात दाबून धरायचे. फोटो अगदी बांधणीलगत होता. दाबल्याशिवाय चेहरा दिसायचाच नाही. मोबाइलवर टिपून ठेवावा, हे त्यांना कधी सुचलं नाही. माणसाला भेटायला जायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

यंदा गेले, तर कपाट रिकामं. तसेच घरी आले.

"सगळं स्कॅन झालंय की अण्णा," अपूर्वा कौतुकानं म्हणाली. वाचनालयाच्या कमिटीला तिनंच पटवलं होतं. "जागा अडत होती, म्हणून बाडं रद्दीत दिली. एव्हाना लगदाही झाला असेल. काय हवंय सांगा, आत्ता काढून देते."

अण्णांनी अक्काचं नाव सांगितलं. चहा निवायच्या आत पान समोर आलं. बाड न उसवताच स्कॅन केलेलं. एक वेणी, एक कान आणि पुढं शिवणीचा काळा पट्टा.

"थांबा, मोठं करते."

"जे न्हाय, ते मोठं करून दिसतंय व्हय गं?"

अपूर्वाचा चेहरा उतरला. "तुम्ही कधी बोलला नाहीसा, अण्णा."

"काय बोलायचं? हाय की तिथं, म्हणून गप हुतो."

अक्का दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला पोटच्या लेकीच्या हातून. रागवायचं तरी कुणावर?

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. काळ्या पट्ट्यावर तळहात ठेवला आणि दरवर्षीसारखा दाबून धरला. स्क्रीन फुटेल, असं अपूर्वाच्या ओठांवर आलं होतं. तिनं स्क्रीनला मागून हाताचा आधार दिला.