सशानं हळू बोलायचं

राजुरीच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत मी नवी बाई. मूळची जुन्नरच्या बाजारपेठेतली, उसाशी माझा संबंध रसवंतीपुरता. स्वभाव म्हणाल तर तिखट, आणि गोंगाट तर मला मुळीच खपत नाही.

मुलांना अक्षरं शिकवायला मी प्राण्यांची गंमत काढली होती. प्रत्येकाला एक अक्षर, एक प्राणी आणि त्याची एक खरी गोष्ट. क कावळ्याचा, तो माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो. फ फुलपाखराचा, ते पायांनी चव घेतं. ह हत्तीचा, त्याला उडी मारता येत नाही. हे ऐकल्यावर आदेशनं चार उड्या मारून हत्तीला कमीपणा आणला.

स मिळाला तेजस्विनीला. साडेचार वर्षांची ही पोरगी, पण आवाज असा की कौलं हलावीत.

"स सशाचाऽऽ! त्याचं दात मरस्तवर वाढत्यातऽऽ!"

धाकटी संस्कृती भ्यायली आणि रडायला लागली. पालकांपुढे कार्यक्रम चार वाजता, आणि माझा ससा हा असा! मी पुठ्ठ्याचे पांढरे कान दाखवत म्हटलं, "तेजू, ससा हळू बोलतो. उद्या सकाळपर्यंत हळू बोललीस तर हे कान तुझे."

तिनं कानांकडे पाहिलं आणि कुजबुजली, "बरं."

कार्यक्रम झकास झाला. तेजू इतकं गोड, हळू बोलली की बायांनी टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आवराआवर होईतो दिवस कलला. धारा काढून तेजूचे सोपानआजोबा तिला न्यायला आले. त्यांचा घसा पार बसला होता. खुणा करत, खरखरत म्हणाले, "आवाजच न्हाई राह्यला बगा. पन आमचा भोंगा हाय की संगं." मी हसले. कान लावलेली तेजू त्यांचं बोट धरून उसातल्या पायवाटेला लागली.

मी कुलूप लावत होते. आमची मदतनीस जहाँआरा उसाकडे बघत थांबली होती.

"बाई, तेजूचा आवाज नाय आला आज. रोज पार विहिरीपतुर ऐकू येतो."

"बरंच आहे की."

"बरं कसं? बिबट्या हाय उसात. मानसाचा आवाज आला का त्यो बाजूला व्हतो. म्हनून तर बोलत जायाचं असतं."

मी कुलूप तिथंच टाकलं. आजोबांचा घसा बसलेला, आणि लेकराचा आवाज मी काढून घेतलेला! मी पायवाटेनं पळत सुटले आणि बोंब मारावी तसं तोंडाला येईल ते ओरडू लागले. "क कावळ्याचा! फ फुलपाखराचा! तेजूऽऽ!" मागून जहाँआरा काठी घेऊन धावत होती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, आणि उत्तर काही येईना. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

विहिरीच्या वळणावर दोघं दिसली. तेजूनं वळून ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, शूऽऽ! अजून सकाळ नाय झाली."

आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लेकरू गप का व्हतं कळंना. म्हनलं, आजारी पडलं का काय."

"मी गप्प केलं होतं, आजोबा. चुकलं माझं." मी तेजूला पोटाशी धरलं. "ओरड गं बये, पाहिजे तेवढं ओरड."

"कान?"

"कान तुझेच."

मग तिनं जी आरोळी ठोकली, तिनं विहिरीवरचे पारवे उडाले. "ब बिबट्याचाऽऽ! आपन बोललो का त्यो जातोऽऽ!"

माझ्या तक्त्यावर ब बदकाचा होता.

आम्ही दोघींनी त्यांना घरापर्यंत सोडलं. परतताना मी इतक्या मोठ्यानं बोलत होते की जहाँआरानं कानांवर हात ठेवले.

"बाई, जरा हळू. त्यो काय बहिरा हाय का?"

मी आवाज अजून चढवला.